विमान सरळ का जात नाही आणि प्रवासाचा ताळा का जुळत नाही

एरंडवण्यात राहणाऱ्या माझ्या मावशीने आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासल्या आणि निवृत्तीनंतरही तिची ती सवय सुटलेली नाही. मुलीच्या बाळंतपणासाठी ती नोव्हेंबरात न्यू जर्सीला गेली, फेब्रुवारीत परतली, आणि परतल्यावर आठवड्याभरातच प्रवासाची वही घेऊन माझ्यापुढे बसली. वहीत खर्चाच्या रकान्याशेजारी चार आकडे पेन्सिलीने अधोरेखित केलेले होते. संगणकावर पाहिलेले मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. विमानातल्या पडद्यावर शेवटी दिसलेले, प्रत्यक्ष कापलेले अंतर सुमारे १३,१०० किलोमीटर. जाताना लागलेला वेळ १६ तास ५ मिनिटे. येताना लागलेला वेळ १३ तास ५० मिनिटे. "विमानतळ तेच, विमान त्याच जातीचं, मग सव्वादोन तास गेले कुठे? आणि न्यूयॉर्क पश्चिमेला, तर हे विमान जर्मनी-इंग्लंडवरून वर कशाला चढलं?" असे तिचे प्रश्न होते. "वारा असतो गं," एवढ्या उत्तरावर ती उठणार नव्हती, कारण बँकेत तिने अशी उत्तरे कधी चालवून घेतली नव्हती.

विमान वर का चढले या प्रश्नाचे उत्तर सपाट कागदावर मिळत नाही, म्हणून आधी पृथ्वीगोल काढावा लागला. आमच्याकडे अप्पा बळवंत चौकातून फार वर्षांपूर्वी आणलेला एक आहे; त्याचा आस किंचित वाकलेला आहे आणि त्यावर सोव्हिएत संघ अजून अखंड आहे, पण अंतरे मोजायला तो पुरतो. त्याचा व्यास ३० सेंटीमीटर, म्हणजे परीघ सुमारे ९४ सेंटीमीटर. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यामुळे या गोलावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ ४२५ किलोमीटर. शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर मावशीने अंगठ्याने दाबले, दुसरे न्यूयॉर्कवर मी दाबले आणि दोरा ताणला. ढिला असताना तो अरबस्तानावर लोंबत होता; ताण बसू लागला तसा तो आपणहून उत्तरेकडे सरकला. पूर्ण ताठ झाला तेव्हा तो अफगाणिस्तान आणि कझाकस्तानवरून, सेंट पीटर्सबर्ग आणि हेलसिंकीच्या जवळून, नॉर्वेवरून, पुढे आइसलँड आणि ग्रीनलंडचे दक्षिण टोक यांना लागून कॅनडातून न्यूयॉर्कला उतरत होता. त्या तुकड्याची लांबी भरली साडेएकोणतीस सेंटीमीटर, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर. संगणकावरचा आकडा हाच.

यानंतर शाळेच्या भिंतीवर असतो तसा, मर्केटर पद्धतीचा जगाचा नकाशा घेतला आणि पट्टीने मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ मारली. ती सौदी अरेबिया, इजिप्तमधले लक्सर, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्को यांवरून अटलांटिकमध्ये शिरते. याच रेघेवरचे ठिपके पृथ्वीगोलावर काढून त्यांवरून दोरा फिरवला, तर लांबी साडेतेहतीस सेंटीमीटरांच्या आसपास भरते. कागदावर सरळ दिसणारा हा रस्ता सुमारे १४,२०० किलोमीटरचा, म्हणजे खऱ्या जवळच्या रस्त्यापेक्षा तब्बल १,७०० किलोमीटरने लांब आहे. विमानाच्या हिशेबात तो जवळपास दोन तासांचा वळसा ठरतो. मर्केटरने हा नकाशा १५६९ मध्ये दर्यावर्दी लोकांसाठी केला होता. होकायंत्राची सुई एकाच कोनावर धरून जहाज हाकले की नकाशावर सरळ रेघ उमटावी, एवढीच त्याची गरज होती, आणि ती भागवताना ध्रुवांकडचे प्रदेश अवाढव्य फुगले. आपण शाळेत तोच नकाशा पाहत वाढतो आणि मग विमानाचा मार्ग आपल्याला वाकडा वाटतो.

उत्तरेकडून जाणे जवळचे का पडते, याचे कारण रेखांशांत आहे. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या रेखांशांत जवळपास १४७ अंशांचा फरक आहे आणि कोणत्याही रस्त्याने गेले तरी एवढे अंश ओलांडावेच लागतात. पण सगळे रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात, मोसंब्याच्या फोडी टोकाशी निमुळत्या होतात तसे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरांचा असतो, मुंबईच्या अक्षांशावर तो १०५ किलोमीटरांचा होतो, तिसाव्या अक्षांशावर ९६, आणि ताठ दोरा जिथे सर्वांत उत्तरेला पोहोचतो त्या ६५ व्या अक्षांशाच्या आसपास तो अवघा ४७ किलोमीटर उरतो. म्हणून थोडे वर चढून, अंश स्वस्त असलेल्या पट्ट्यातून पलीकडे जाऊन पुन्हा खाली उतरणे परवडते. मावशीला हे "अंश स्वस्त असणे" लगेच पटले. बाजारभाव जिथे कमी तिथे खरेदी, असे तिने त्याचे भाषांतर केले.

या ताणलेल्या दोऱ्याच्या मार्गाला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात, कारण तो दोरा तसाच पुढे वाढवला तर पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारे वर्तुळ तयार होते. संगणक दोरा ताणत नाही. तो दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन, पृथ्वीच्या केंद्रापासून त्या दोन ठिकाणांकडे काढलेल्या रेषांमध्ये किती अंशांचा कोन होतो ते त्रिकोणमितीने काढतो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात हा कोन ११२.७ अंशांचा आहे. त्याला दर अंशाच्या १११.२ किलोमीटरांनी गुणले की १२,५३० च्या आसपास उत्तर येते. दोन संकेतस्थळांवरच्या आकड्यांत वीस-तीस किलोमीटरांचा फरक दिसतो, त्याचे कारण बहुधा एवढेच असते की एकाने पृथ्वी पूर्ण गोल धरलेली असते आणि दुसऱ्याने ती ध्रुवांशी थोडी चेपलेली आहे हे लक्षात घेतलेले असते. विषुववृत्तापाशी पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवापाशी ६,३५७. वैमानिक मंडळी अंतर सागरी मैलांत मोजतात, तेही याच कोनावरून आलेले आहे: एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर.

एवढ्याने पहिला आकडा सुटला. दुसरा, म्हणजे प्रत्यक्ष कापलेले १३,१०० किलोमीटर, सुटायला पृथ्वीगोलावरच्या सीमारेषा पाहाव्या लागतात. दोऱ्याला व्हिसा लागत नाही, विमानाला मात्र प्रत्येक देशाच्या हवाई हद्दीतून जाण्याची परवानगी लागते, त्यासाठी शुल्क द्यावे लागते, आणि देशादेशांत बिनसले की ती परवानगी एका रात्रीत नाहीशी होते. बालाकोटनंतर, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती पूर्णपणे खुली व्हायला १६ जुलै उजाडला. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने पुन्हा भारतीय विमानांना मज्जाव केला आणि भारतानेही त्याला तसेच उत्तर दिले. यात मुंबईपेक्षा दिल्लीचे नुकसान जास्त होते. मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्रावरून सरळ ओमानकडे जाऊ शकते. दिल्लीहून निघालेल्याला युरोपच्या दिशेकडे पाठ करून आधी राजस्थान-गुजरातवरून समुद्रापर्यंत खाली यावे लागते, आणि मग तिथून वर वळावे लागते. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना त्यामुळे इंधन पुरेना, आणि वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरून ते भरून घ्यावे लागले.

राजकारण अंतराला किती ताणू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण भारताबाहेरचे आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर युरोपीय देशांनी रशियन विमानांना आणि रशियाने युरोपीय विमानांना आपापली हद्द बंद केली. हेलसिंकी ते टोकियो हा प्रवास सायबेरियावरून साडेनऊ तासांच्या आसपास होत असे. फिनलंडच्या विमान कंपनीला तोच प्रवास उत्तर ध्रुवावरून वळसा घालून करावा लागू लागला आणि त्याला तेरा तासांच्या घरात वेळ लागू लागला. दोन्ही विमानतळ जागचे हलले नव्हते आणि संगणकावरचा अंतराचा आकडा आजही तोच आहे.

काही ठिकाणी अडचण राजकारणाची नसून डोंगरांची असते. भारतातून चीन किंवा जपानकडे जाणारी विमाने तिबेटच्या पठारावरून सरळ जाताना क्वचितच दिसतात. विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाने सुमारे १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटर उंचीपर्यंत चटकन खाली यायचे असते, कारण प्रवाशांपुढे लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटांच्या आसपासच पुरतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. खाली यायला तिथे जागा नाही. दोन इंजिनांच्या विमानांना तर आणखी एक अट पाळावी लागते: एक इंजिन बंद पडले तरी ठरलेल्या वेळेच्या आत गाठता येईल असा एखादा विमानतळ वाटेवर सतत हाताशी असला पाहिजे. ही मर्यादा पूर्वी साठ मिनिटांची होती. १९८५ मध्ये ती १२० मिनिटांपर्यंत आणि काही वर्षांत १८० मिनिटांपर्यंत वाढवली गेली, तेव्हा कुठे दोन इंजिनांची विमाने महासागर सर्रास ओलांडू लागली.

मावशीच्या विमानाने ओमान, आखात, तुर्कस्तान, हंगेरी, जर्मनी आणि इंग्लंड असा रस्ता धरला होता. ताठ दोऱ्यापासून हा रस्ता काही ठिकाणी दीड-दोन हजार किलोमीटर दूर आहे, तरीही एकूण अंतर वाढले ते पाच टक्क्यांच्या आत. हे ऐकून ती साशंक झाली. पण यात गणिताची एक गंमत आहे, जी कागदावर त्रिकोण काढून कोणालाही पाहता येते. १२,००० किलोमीटरांच्या सरळ रस्त्याच्या बरोबर मध्यावर ५०० किलोमीटर बाजूला सरकायचे ठरवले, तर प्रत्येक अर्धा रस्ता ६,००० ऐवजी सुमारे ६,०२१ किलोमीटरांचा होतो. ५०० किलोमीटर बाजूला जाण्याची किंमत एकूण जेमतेम ४२ किलोमीटर. लांबच्या प्रवासात थोडे बाजूने जाणे इतके स्वस्त पडते, म्हणूनच विमान कंपन्या रोज रस्ता बदलू शकतात, आणि तो त्या बदलतात वाऱ्यासाठी.

वाऱ्याकडे येण्याआधी एका गैरसमजाची वाट अडवणे भाग आहे, कारण तो मावशीनेही मांडला. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाखाली न्यूयॉर्क आपणहून समोर येत असणार, आणि तोच प्रवास लवकर व्हायला हवा. पुणे शहर या फिरण्यात तासाला जवळजवळ १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावत असते, त्यामुळे हा विचार वरवर बरोबर वाटतो. पण डेक्कन क्वीनमध्ये कपात चहा ओतताना तो मागच्या प्रवाशाच्या अंगावर पडत नाही, कारण किटली, कप, चहा आणि डब्यातली हवा सगळेच गाडीबरोबर धावत असतात. विमानतळ, विमान आणि भोवतालची हवा यांचेही तसेच आहे. विमान त्या हवेत पोहते, आणि पृथ्वीच्या नुसत्या फिरण्याचा त्याला थेट फायदाही होत नाही की तोटाही. फरक पडतो तो हवा स्वतः जमिनीच्या तुलनेत कुठे आणि किती वेगाने वाहते यामुळे.

मोठे प्रवासी विमान ३५,००० ते ४०,००० फुटांवर, जिथे तापमान शून्याखाली ५५ अंशांच्या आसपास असते, तिथे ध्वनीच्या वेगाच्या ८४-८५ टक्के वेगाने जाते. एवढ्या थंडीत ध्वनीचा वेग तासाला सुमारे १,०६० किलोमीटर असल्यामुळे विमानाचा वेग ९०० किलोमीटरांच्या आसपास येतो. मात्र हा वेग हवेच्या तुलनेतला आहे. नेमक्या त्याच उंचीवर, नऊ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे असतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण कटिबंधातली तापलेली हवा आणि ध्रुवांकडची गार हवा यांच्या तापमानातल्या फरकातून त्यांना जोर मिळतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्यांना पूर्वेची दिशा मिळते. पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आला तर तो असा आडवळणाने येतो. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून वारेही जोरावतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्यांची नेहमीची चाल आहे आणि कधी कधी ती साडेतीनशेच्या पुढेही जाते. जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते आणि १९२६ मध्ये त्याचा अहवालही प्रसिद्ध केला होता; पण जगभर वाचला जावा म्हणून त्यांनी तो एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत लिहिला, आणि त्यामुळे तो जवळजवळ कोणीच वाचला नाही.

हे वारे अनुभवायला अमेरिकेला जावे लागत नाही. हिवाळ्यात त्यांचा एक पट्टा उत्तर भारतावर उतरलेला असतो. पुणे ते कोलकाता हे अंतर सुमारे १,५८० किलोमीटर आहे. हवेतला वेग ८३० किलोमीटर आणि वारा १०० किलोमीटरांचा धरला, तर जाताना विमान जमिनीवरून ९३० च्या वेगाने पुढे सरकते आणि आकाशातले अंतर एक तास बेचाळीस मिनिटांत कापते. परतताना वेग ७३० वर येतो आणि त्याच अंतराला दोन तास दहा मिनिटे लागतात. हा हिशेब सोपा करून मांडलेला आहे, कारण वारा वाटभर एकसारखा नसतो, पण फरकाचा अंदाज त्यावरून येतो.

येथे मावशीने हिशेबनिसाचा प्रश्न विचारला: जाताना जेवढे नुकसान झाले तेवढा फायदा येताना झाला, तर जमाखर्च शून्य व्हायला हवा. तसा तो होत नाही. १२,५०० किलोमीटरांचा प्रवास वारा नसलेल्या दिवशी ९०० च्या वेगाने एका बाजूला १३ तास ५३ मिनिटांत होईल, दोन्ही बाजूंनी मिळून पावणेअठ्ठावीस तासांत. आता वाटभर १५० किलोमीटरांचा वारा धरा. जाताना वेग ७५० आणि वेळ १६ तास ४० मिनिटे. येताना वेग १,०५० आणि वेळ ११ तास ५४ मिनिटे. बेरीज २८ तास ३४ मिनिटे. वाऱ्याने पाऊण तास खाल्लाच. कारण समोरून येणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून पडते आणि पाठीवरच्या वाऱ्यातून लवकर बाहेर पडते.

त्यामुळे पूर्वेकडे जाणारी विमाने झोतवाऱ्यांच्या मधोमध शिरतात आणि पश्चिमेकडे जाणारी त्यांना बगल देतात. उत्तर अटलांटिकवर तर यासाठी आकाशातले रस्तेच दिवसातून दोनदा नव्याने आखले जातात: युरोपातून अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी एकदा, तिकडून येणाऱ्यांसाठी एकदा. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या दिवशी ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. वाटेत त्याचा जमिनीवरचा वेग तासाला १,३०० किलोमीटरांच्या वर गेला होता. तरीही त्याने ध्वनीचा वेग ओलांडला असे म्हणता येत नाही, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच चालीने उडत होते.

वारा अंतराला कसा हरवतो याचे माझे आवडते उदाहरण मात्र दिल्लीचे आहे. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडे, अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट दिशेला, पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेले. हा रस्ता सुमारे १५,३०० किलोमीटरांचा, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी लांब होता. तरी विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले, कारण समोरून येणारा वारा आता पाठीवर आला होता. परतताना ते पूर्वीसारखेच अटलांटिकवरून येई, तेही पूर्वेकडेच तोंड करून. एका फेरीत विमान पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालत असे. तिकिटाच्या दृष्टीने सॅन फ्रान्सिस्को पश्चिमेला आहे की पूर्वेला, हा प्रश्न तिथे निरर्थकच होऊन बसतो.

आता वहीतल्या वेळांचा अर्थ पाहू. विमान कंपनी जो वेळ सांगते तो ब्लॉक टाइम असतो: विमान फलाटावरून मागे ढकलले गेल्यापासून पलीकडच्या विमानतळावर चाके पूर्ण थांबेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणे हे सगळे आले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि पालघर-अलिबागवर गोल गोल फिरण्याचा अनुभव अनेकांना असतो. हा ठरावीक वेळ जवळच्या प्रवासात फार जाणवतो. पुणे–दिल्ली हे अंतर सुमारे १,१६० किलोमीटर, वेळ सव्वादोन तासांच्या आसपास, म्हणजे सरासरी वेग तासाला जेमतेम ५२०. न्यूयॉर्कच्या प्रवासात तीच सरासरी आठशेच्या आसपास जाते. दिल्लीहून येणारे विमान ३५,००० फुटांवर असेल तर पुणे दोनशे किलोमीटर दूर असतानाच ते उंची सोडू लागते. सरळ रेषेत पाहिले तर ते मनमाडवर असते. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटे आणि मनमाडपासून उतरण, यांत धड वेगाने उडायला मध्ये तासभरच उरतो. घरी बसून अंदाज करायचा असेल, तर बृहद्‌वृत्ताच्या अंतराला ८५० ने भागून त्यात चाळीस मिनिटे मिळवावीत. हिवाळ्यात पश्चिमेकडे जायचे असल्यास लांबच्या प्रवासात आणखी तासभर धरावा.

घड्याळाचा भाग त्या मानाने सोपा आहे, तरी फसवणारा आहे. मावशी मुंबईहून रात्री १ वाजून २५ मिनिटांनी निघाली आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७ वाजता उतरली. तिकिटावर हा प्रवास ५ तास ३५ मिनिटांचा दिसतो. त्यात दोन्हीकडच्या वेळेतला साडेदहा तासांचा फरक मिळवला की १६ तास ५ मिनिटे होतात. येताना सकाळी ११.४० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला पोहोचली; २४ तास २० मिनिटांतून साडेदहा तास वजा करावेत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात, म्हणून उन्हाळ्यात हाच फरक साडेनऊ तासांचा धरावा लागतो.

पुणेकरांचा नेहमीचा प्रश्न उरतो: हे विमान पुण्याहूनच का उडत नाही? लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, त्याची धावपट्टी अडीच किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि ती समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर आहे. लांब पल्ल्याचे विमान तासाला पाच ते आठ टन इंधन पिते. सोळा तासांसाठी ते ऐंशी ते सव्वाशे टन भरावे लागते, आणि एवढे वजन उचलायला, विशेषतः एप्रिल-मेच्या विरळ गरम हवेत, तीन किलोमीटरांहून लांब धावपट्टी हवी. मुंबईची तशी आहे. पुण्याहून दुबईमार्गे गेले तर २,०५० आणि ११,०२० मिळून १३,०७० किलोमीटर होतात. पुण्याहून न्यूयॉर्कला थेट दोरा ताणला तर १२,६३०. फरक अवघा साडेतीन टक्क्यांचा. वेळ जातो तो दुबईत पुढच्या विमानाची वाट पाहण्यात.

सगळे आकडे समजावून झाल्यावर मावशीने वहीचे मागचे पान उलटले. तिथे आणखी एक नोंद होती, निघण्याच्या दिवसाची: एरंडवणे ते मुंबई विमानतळ, १५५ किलोमीटर, चार तास दहा मिनिटे. सरासरी तासाला ३७ किलोमीटर. ही ओळ अधोरेखित केलेली नव्हती. शेजारी बारीक अक्षरात कारण लिहिलेले होते: "खंडाळ्याच्या घाटात ट्रक बंद."